मागून ठोकणाऱ्याची चूक

मॅडमचा उजवा पाय भित्रा होता. तो सोडला तर मॅडम तशा धीट होत्या.

क्लच आणि ब्रेक यांतला फरक ज्याला अजून ऐकूनच माहीत आहे, अशा माणसाच्या शेजारी बसून भर बाजारातून गाडी न्यायची, हा त्यांचा पेशा. लोकांना गाडी शिकवता शिकवता त्यांच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. चेहरा शांत आणि आवाज गोड कसा ठेवायचा हे त्यांना पक्कं जमलं होतं. राहिलेली भीती जाणार कुठे? ती पायात उतरली. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या सीटपुढे एक जादा ब्रेक होता. समोर सायकलवाला आला, की मॅडम गोड आवाजात "सावकाश हं," म्हणायच्या आणि तोवर पायाने ब्रेक दाबलेला असायचा. पुढे हा पाय ब्रेक नसलेल्या ठिकाणीही दाबायला लागला. नवऱ्याच्या गाडीत दाबायचा, बसमध्ये दाबायचा. एकदा तर नाटकाला गेल्या असताना, नायिका जिन्यावरून धावत खाली आली तेव्हा त्यांनी पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना जवळजवळ स्टेजवर पोहोचवलं.

नव्या शिकाऊ माणसाला मॅडम पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगत. एक, ब्रेक मारण्याआधी मागे कोण आहे ते बघायचं. दुसरी, काहीही झालं तरी मागून ठोकणाऱ्याचीच चूक, कारण अंतर ठेवणं हे त्याचं काम. ही दोन वाक्यं त्यांनी इतक्या वेळा म्हटली होती, की घरातल्या भिंतींनाही लायसन्स मिळायला हरकत नव्हती. भिंतींना मिळालं नाही. पण त्याच घरात अकरा वर्षांची एक लेक वाढत होती आणि ती कार्ट चालवत होती.

कार्ट म्हणजे जमिनीपासून बोटभर उंचीवर ठेवलेली खुर्ची, मागे इंजिन आणि बाजूंना चार उघडी चाकं. स्प्रिंग नाही, आरसा नाही, ब्रेकचा लाल दिवा नाही. आणि पट्टा नाही. पट्टा नाही हे मॅडमना पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ट्रॅकवरच्या माणसाने त्यांची समजूत काढली, "मॅडम, उलटलं तर पोर बाहेर फेकलं गेलेलं बरं. अडकून राहिलं तर वाईट." त्यानंतर मॅडमनी कुणाकडूनही समजूत काढून घेतली नाही.

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. शनिवार-रविवारी तिचा मेकॅनिक होणारा बाप एरवी बँकेत होता. तिथे तो कुणाशी फारसं बोलत नसे, ट्रॅकवर मात्र टायरच्या हवेवर तासभर बोलू शके. आणि भिंगरी चांगली चालवायची. नुसती वेगात नव्हे, स्वच्छ. मागच्या वर्षी तिला 'सभ्य चालक' म्हणून ढाल मिळाली होती. घरी दिवाणखान्यात ती ढाल अशा जागी ठेवली होती, की पाहुण्याने पाणी मागितलं तरी आधी ढाल दिसावी.

क्लबची एक पद्धत होती. प्रत्येक घरातल्या एका मोठ्या माणसाने झेंड्याची ड्यूटी करायची. प्रत्येक वळणावर दोघं, हातात पिवळा झेंडा आणि वॉकीटॉकी. पुढे धोका असेल तर पिवळा हलवायचा. तो दिसला, की मुलांनी वेग कमी करायचा आणि कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. कुणाची चूक दिसली तर वॉकीटॉकीवर मुख्य पंचांना सांगायचं. फक्त आपल्या पोराबद्दल आपण बोलायचं नाही, जोडीदाराने बोलायचं. आईबापांच्या सचोटीवर क्लबचा पूर्ण विश्वास होता, म्हणूनच हा नियम केला होता.

त्या दिवशी मॅडमच्या जोडीला दातांचे डॉक्टर आले. त्यांचा मुलगा वयाच्या मानाने लहानखुरा, हेल्मेटच त्याच्यापेक्षा मोठं. त्याला सगळे मुंगळा म्हणत, कारण गुळाला मुंगळा चिकटावा तसा तो पुढच्या कार्टला चिकटायचा. आणि अलीकडे फार वेळा चिकटायचा. सलग काही शर्यतींत त्याने पुढच्याला मागून धक्का दिला होता आणि प्रत्येक वेळी त्याचा बंपर पडला होता.

बंपरची भानगड अशी. कार्टच्या पुढचा प्लास्टिकचा बंपर मुद्दाम सैल बसवलेला असतो. कुणाला ठोकलं, की तो आत सरकतो; त्यालाच 'बंपर पडला' म्हणायचं. शर्यत संपल्यावर ज्याचा बंपर सरकलेला, त्याला पाच सेकंदांची शिक्षा. वाद नाही, चर्चा नाही. मुलांनी एकमेकांना ढकलू नये म्हणून काढलेली ही युक्ती, आणि युक्ती चांगलीच होती. मोठ्यांनी मुलांच्या भल्यासाठी काढलेल्या युक्त्या चांगल्याच असतात. मुलांना त्या समजेपर्यंत.

त्यांचं वळण, पोस्ट सहा, ट्रॅकमधलं सगळ्यात वेगवान होतं. त्याला 'सुसाट' म्हणत. तिथे कुणी ब्रेक मारत नाही. पाय सोडायचा नाही, श्वास सोडला तर चालतो. सकाळच्या शर्यतीत भिंगरी पुढे आणि मुंगळा तिच्या मागे, असे दोघं सुसाटला आले आणि मॅडमचा पाय खडीत रुतला.

पाय आधी रुतला. मग आवाज झाला.

मुंगळ्याचं पुढचं चाक भिंगरीच्या मागच्या चाकाला घासलं आणि शिडीवर चढावं तसं वर चढलं. क्षणभर त्या कार्टचं तोंड आकाशाकडे होतं आणि मॅडमना त्याच्या तळाची खरचटलेली लोखंडी पट्टी स्पष्ट दिसली. मग ते धाडकन खाली आलं, वाकडंतिकडं झालं आणि कसंबसं चालू राहिलं. बंपर आत गेला होता. भिंगरी निघून गेली होती.

मॅडमचा अंगठा सवयीने वॉकीटॉकीवर गेला. "पोस्ट सहा. मागून धडक." आवाज गोडच होता.

"ठोकलं परत!" डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "आपलेच दात, आपलेच ओठ, ताई. बोलणार कुणाला? माफ करा हं. घरी गेल्यावर बघतो त्याच्याकडे."

"अहो, असू दे," मॅडम म्हणाल्या. त्या आपल्या बुटाकडे बघत होत्या. पायाला आधी कसं कळलं?

पायाला जे दिसलं होतं ते त्यांना सावकाश आठवत गेलं. वळणाच्या जरा आधी भिंगरीचं हेल्मेट किंचित डावीकडे फिरलं होतं. एवढंसंच. आणि मग ते पुढे झुकलं होतं, होकार द्यावा तसं. इंजिनचा आवाज अजिबात कमी झाला नव्हता. पण मॅडमनी शेकडो माणसांच्या शेजारी बसून शेकडो डोकी अशी पुढे झुकताना पाहिली होती. ब्रेक मारल्याशिवाय डोकं असं झुकत नाही.

आणि त्याआधी ती मागे बघत होती. मागे कोण आहे ते बघत होती.

ऊन चांगलं लख्ख होतं. मॅडमनी खडीत रुतलेला पाय ओढून काढला.

दुपारी तंबूत डॉक्टर मुंगळ्याला माफी मागायला घेऊन आले. आणण्याआधी त्याचे दात तपासून झाले होते. हनुवटीवर निळा डाग होता, पण दात शाबूत असल्यामुळे बापाचं समाधान झालेलं दिसत होतं.

"म्हण," डॉक्टर म्हणाले.

"सॉरी," मुंगळा म्हणाला. "सॉरी काकू. मी लांब होतो. मग एकदम जवळ आलो."

"एकदम जवळ आला म्हणे! ट्रॅक आखडला का मध्येच?" डॉक्टर मॅडमकडे वळले. "बघा, हे असं. चूक मान्य करायची नाही. एक महिना खेळणं बंद, मोबाइल बंद, तरी हेच. आज फायनलला परत ठोकलंस ना, तर कार्ट विकून टाकतो. सांगून ठेवतो."

मुंगळ्याने खाली बघत हातमोज्याचं एक बोट उलटं केलं, मग सुलटं केलं.

"जाऊ दे ना काका," भिंगरी म्हणाली. "शर्यतीत होतं असं कधी कधी."

"बघ!" डॉक्टरांचे डोळे भरून आले. "बघ, किती समंजस! शीक काही."

मॅडमनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता. आवाज गोड होता. परीक्षेला नापास झालेल्या माणसाला 'पुन्हा प्रयत्न करू या हं,' असं सांगताना मॅडम जो चेहरा करत, तोच होता. फक्त गालावर खळी होती.

बापलेक गेल्यावर मॅडमनी विचारलं, "तू सुसाटला ब्रेक मारलास?"

"सुसाटला कुणी ब्रेक मारत नाही, आई."

"म्हणूनच विचारतेय."

"इंजिनचा आवाज कमी झाला?"

"नाही."

"मग?"

कार्टखाली आडवा झालेला बाप तिथूनच बोलला, "अगं, ती दोन्ही पाय वेगळे चालवते. उजवा ॲक्सिलरेटरवर तसाच, डाव्याने ब्रेक. मीच शिकवलंय. या वयात कुणाला जमत नाही ते." आवाजात अभिमान होता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं असावं, की प्रश्न तो नव्हता. "आणि मारला असला तरी काय? पुढच्याने ब्रेक मारू नये असं कुठे आहे?"

"नियमात आहे. विनाकारण मारायचा नाही."

"आहे. पण कुणाला दिसायला तर पाहिजे!"

"तो उलटला असता," मॅडम म्हणाल्या. त्या लेकीशी बोलत होत्या.

"उलटला नाही ना." भिंगरी समजावण्याच्या सुरात म्हणाली, "आई, तो चिकटतो गं. सारखा चिकटतो. बंपर पडला, की त्याचे पाच सेकंद जातात. मी त्याला हातसुद्धा लावत नाही. तोच ठोकतो. आणि मागून ठोकणाऱ्याचीच चूक असते." ती जरा थांबली. "तूच म्हणतेस."

एका अकरा वर्षांच्या मुलीने आपलंच वाक्य आपल्याला परत दिलं होतं, धुऊन, घडी घालून.

"फायनलला मारणार नाहीस ना?"

भिंगरीने हेल्मेट चढवलं. काच खाली घेतली. हेल्मेटच्या आतून मुलांना आईबापांचं ऐकू येत नाही. सगळ्या जगातली हेल्मेटं या बाबतीत सारखी असतात.

मॅडम तंबूबाहेर आल्या तर समोरून मुख्य पंच येत होते. सांगावं. आत्ता सांगावं. त्यांनी तोंड उघडलं.

"मॅडम!" पंच म्हणाले, "तुमची मुलगी म्हणजे काय बोलावं! सकाळी ते पोर चाकावर चढलं, तरी ही शांत. ढाल यंदाही तुमच्याकडेच येणार बघा."

"थँक्यू," मॅडम म्हणाल्या.

आयुष्यात गर्दीच्या चौकात कितीदा त्यांनी दुसऱ्याच्या गाडीला ब्रेक लावला होता. आपली जीभ मात्र त्यांना वेळेवर सोडता आली नाही. ती नुसती टाळ्याला चिकटून बसली.

फायनलला पुन्हा तीच पोस्ट, तेच डॉक्टर. डॉक्टर अस्वस्थ होते. "लांब राहा म्हणून बजावलंय," ते दर फेरीला म्हणत. "दातांच्या कण्या केल्या, ताई. लांब राहा, लांब राहा. ऐकेल असं वाटतंय."

मुंगळा ऐकत होता. तो भिंगरीच्या मागे होता, पण अंतर ठेवून. मॅडमना ते अंतर दिसत होतं आणि आपण आयुष्यभर जे शिकवलं ते हे पोर पाळतंय, हेही दिसत होतं. पण दर फेरीला ते अंतर थोडं कमी व्हायचं, कारण मुंगळा वेगवान होता. भिंगरीपेक्षा वेगवान. हे त्यांच्या आजच ध्यानात आलं, आणि भिंगरीच्या कधीच आलं असणार.

प्रत्येक फेरीला दोघं सरळ पट्ट्यावर दिसू लागले, की मॅडम आधी भिंगरीचं डोकं बघायच्या. हेल्मेट सरळ आहे? सरळ आहे. गेले. मग बाकीचा घोळका घोंघावत जायचा. आठ-दहा उघडी टायरं, एकमेकांपासून हातभर अंतरावर. मॅडमच्या डोळ्यांसमोर ती खरचटलेली लोखंडी पट्टी येत होती. मुंगळा वर चढला, पडला, तर मागचा घोळका कुठे थांबणार? त्यांच्यातलाही प्रत्येक जण मागून ठोकणारा. प्रत्येकाची चूक. चूक कुणाची हे ठरवायला सगळ्यांना भरपूर वेळ मिळाला असता, दवाखान्याच्या बाकावर.

विनाकारण पिवळा हलवणं हा गुन्हा होता. ट्रॅकवर काही घडलेलं नसताना झेंडा दाखवला, की शर्यत नासली. तसं करणाऱ्याला क्लब पुन्हा दारात उभं करत नसे. शिवाय मॅडमना लेकीबद्दल बोलायचीही परवानगी नव्हती. बोलायचं डॉक्टरांनी, आणि त्यांच्या मते ट्रॅकवर एकच गुन्हेगार होता, तो त्यांचा मुलगा.

"आला, आला," डॉक्टर पुटपुटले. "जवळ आलाय. अरे, लांब राहा की रे गाढवा!"

पट्ट्यावर दोघं दिसले. मुंगळा आता खरंच जवळ होता. आणि हेल्मेट फिरलं.

किंचित. डावीकडे. मागे कोण आहे ते बघायला.

मॅडमचा पाय खडीत घोट्यापर्यंत गेला. तिथे ब्रेक नव्हता. इतकी वर्षं जिथे जिथे ब्रेक नव्हता तिथे तिथे त्यांनी पाय दाबला होता आणि काहीही थांबलं नव्हतं. या वेळी त्यांचा हातही हलला. पिवळा झेंडा डोक्यावर गेला आणि वेड्यासारखा फडफडायला लागला.

"ताई, काय झालं? काय दिसलं?" डॉक्टर ओरडले.

मुंगळ्याला झेंडा दिसला. आज्ञाधारक पोर, त्याने पाय उचलला, वेग उतरवला. भिंगरीला दिसला नाही, कारण ती मागे बघत होती. तिने मान सरळ केली, डोकं झुकलं, आणि जिथे कुणी ब्रेक मारत नाही तिथे तिने तो मारला; मागून धक्का बसणार या हिशेबाने, चांगला जोरात.

मागे कुणीच नव्हतं.

चाकं कर्कश ओरडली. कार्ट गर्रकन फिरलं, एकदा, दोनदा, आणि गवतात जाऊन उलट्या तोंडाने थांबलं. मॅडमच्या घशातून एक आवाज आला, जो त्यांनी यापूर्वी कुठल्याही शिकाऊ माणसाला ऐकवला नव्हता. मग गवतात हेल्मेट हललं. हात हलले. स्टिअरिंगवर बुक्की बसली. ठीक होती. चिडण्याइतकी ठीक होती.

मुंगळा वळणाच्या तोंडाशी एक हात वर करून जवळजवळ उभाच राहिला होता. त्याच्यामागे सगळा घोळका हात वर करून रांगेत हळूहळू येत होता, शाळा सुटल्यासारखा. मुख्य पंचांनी लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली.

वॉकीटॉकी खरखरली. "पोस्ट सहा, पिवळा कशाला? काय झालं होतं?"

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी बटण दाबलं. आवाज गोड ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, तो फाटला.

"पुढे धोका होता."

"कसला धोका?"

"पहिल्या नंबरची गाडी. मागे बघून मुद्दाम ब्रेक मारते. सकाळीही मारला होता. सकाळची चूक मुलाची नव्हती, मी चुकीचं सांगितलं."

पलीकडे थोडी खरखर. "हे कोण बोलतंय? चालकाच्या घरच्यांनी बोलायचं नसतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "आईच बोलतेय."

डॉक्टरांनी गवतातल्या त्या उलट्या तोंडाच्या कार्टकडे पाहिलं, काळ्या टायरच्या ओरखड्याकडे पाहिलं. जिथे ओरखडा असायचं कारण नव्हतं, तिथे तो चांगला लांबलचक, गोल गोल उमटला होता. सकाळचा ओरखडा मुंगळ्याच्या टायरच्या ओरखड्यांत मिसळला होता, म्हणून दिसला नव्हता. मग ते मुलाकडे धावत निघाले.

मुंगळा कार्टमधून उतरला होता. बापाला धावत येताना पाहून तो दोन पावलं मागे सरकला आणि चटकन कार्टच्या पुढे जाऊन बंपरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"मी नाही ठोकलं, बाबा," तो म्हणाला. "बघा. जागेवर आहे. बघा ना."

डॉक्टरांनी बघितलं नाही. ते त्याच्यासमोर खडीत गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागले; पण रोज लोकांच्या तोंडात सुया घालणाऱ्या त्या हातांना तो सुटेना.

भिंगरीला त्या दिवसाच्या शर्यतींतून बाद केलं. पंचांनी सुसाटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा लावलं. आता कशाकडे बघायचं ते माहीत असल्यामुळे सगळ्यांना सगळं दिसलं. ढाल कुणाला द्यायची यावर बराच खल झाला आणि शेवटी ती कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. नवऱ्याने सामान भरलं. तो बँकेत जितका बोलतो तितकाच बोलला.

घरी जाताना गाडी मॅडमनी चालवली. नवरा शेजारी, लेक मागे. भिंगरी खिडकीला डोकं लावून बसली होती, रडून झाल्यावर मुलं बसतात तशी. मग ती वळून मागच्या काचेतून बघायला लागली.

"मागे डॉक्टरकाकांची गाडी आहे," ती म्हणाली.

मॅडमनी आरशात पाहिलं. होती. आणि त्या गाडीने मध्ये दोन ट्रक सहज मावतील एवढं अंतर ठेवलं होतं. बाजूने गाड्या येऊन मध्ये घुसल्या, की डॉक्टर आणखी मागे जात होते.

"एवढं लांबून का चालवतायत ते?"

"घाबरलेत," मॅडम म्हणाल्या.

"कुणाला?"

नवऱ्याने बाहेर बघितलं. पुढे सिग्नल लाल झाला. मॅडमनी पुन्हा आरशात पाहिलं. आरशात आधी लेकीचं डोकं होतं, मागे वळलेलं, आणि त्याच्यापलीकडे लांब ती गाडी. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. इतका हळू ठेवला, की पॅडलखाली कुणीतरी झोपलंय असं वाटावं. गाडी कुठे थांबली ते कुणालाच कळलं नाही.

"आई," भिंगरी म्हणाली. ती अजून मागेच बघत होती. "मुंगळा पुढच्या सीटवर बसलाय. मी हात हलवला."

"मग?"

"त्याने नाही हलवला."